नाईकसाहेबांचा फोटो आणि बदनापूरची तूर



दरवर्षी १ जुलैला पंचायत समितीत एक कार्यक्रम असतो. टेबलावर पांढरी चादर, त्यावर फोटो, फोटोला हार आणि समोर उदबत्ती. आमदारसाहेब किंवा एखादे मोठे अधिकारी येतात, दोन शब्द बोलतात, पाच-सहा शेतकऱ्यांना शाल-श्रीफळ मिळतं आणि चहा झाला की मंडळी पांगतात. त्याच दिवशी मुंबईत मंत्रालयात आणि विधानभवनातही त्याच माणसाच्या प्रतिमेला फुलं वाहिली जातात. फोटोतला माणूस रुबाबदार. शेतकऱ्याचा वाटावा असा पोशाखसुद्धा नाही. नव्या पोरांना विचारलं की हे कोण, तर कृषी दिनाचे नाईकसाहेब एवढंच उत्तर मिळतं. म्हणून म्हटलं, हे वसंतराव नाईक कोण आणि आपल्या जालन्याशी त्यांचं नातं काय, ते एकदा नीट सांगावं.

आधी सभागृहाची रीत समजून घ्या. एखादा माजी सदस्य किंवा मोठा माणूस वारला की विधानसभेत आणि विधान परिषदेत शोकप्रस्ताव मांडतात. सर्व पक्षांचे सदस्य त्याच्याविषयी बोलतात, विरोधकसुद्धा त्या दिवशी चांगलंच बोलतात. मग सगळे उभे राहून स्तब्धता पाळतात आणि ठराव घरच्यांकडे जातो. कुणी पराक्रम केला तर अभिनंदनाचा ठराव होतो. याच्या पुढची पायरी म्हणजे नाव देणं. रस्त्याला, धरणाला, योजनेला, विद्यापीठाला. हा मान थोड्यांना मिळतो. नाईकसाहेबांना तो इतक्या ठिकाणी मिळाला, की नाव सगळीकडे दिसतं आणि माणूस मात्र दिसेनासा झाला आहे.

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ चा. गाव गहुली, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ. घराणं बंजारा समाजातलं. आपल्या मंठा-परतूरकडच्या वाचकांना सांगायला नको, तांड्याचा नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. घरात शेती होती, पण तांड्यात शाळा नव्हती. आसपासच्या गावांत राहून-फिरून पोराने प्राथमिक शिक्षण केलं, मग नागपूरला हायस्कूल आणि मॉरिस कॉलेज. १९४० साली वकिलीची परीक्षा पास झाले. तांड्यातून निघून वकील होणं हे त्या काळात किती मोठं होतं, याचा अंदाज आजही तांड्यावर जाऊन आल्याशिवाय येत नाही.

१९४१ साली त्यांनी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न केलं. मुलगी ब्राह्मणाची, मुलगा बंजारा. दोन्हीकडून बराच गदारोळ झाला. दोघं डगमगले नाहीत आणि वत्सलाबाईंनी पुढे आयुष्यभर साथ दिली.

वकिलीची सुरुवात त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली केली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. नंतर पुसदला स्वतःची वकिली, १९४६ ला पुसद नगरपालिकेचं अध्यक्षपद, आणि १९५२ ला आमदारकी. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, म्हणून नाईकसाहेब पहिल्यांदा निवडून गेले ते मध्य प्रदेशच्या विधानसभेवर, आणि तिथे महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ आणि आपला मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले. नाईकसाहेब मुंबईला आले, आधी सहकार आणि मग शेती खातं सांभाळलं. मुंबईत ज्या सरकारी बंगल्यात ते राहायला गेले त्याला 'वर्षा' हे नाव त्यांच्याच काळात पडलं. शेतकऱ्याच्या घरातल्यालाच असलं नाव सुचणार. तोच बंगला पुढे मुख्यमंत्र्यांचं निवासस्थान म्हणून ओळखला जाऊ लागला.

आता एक गोष्ट, जी कृषी दिनाच्या भाषणात बहुधा राहून जाते. १९६० साली महाराष्ट्र झाल्यावर कारभार गावाकडे कसा न्यायचा, हे ठरवायला सरकारने समिती नेमली. अध्यक्ष महसूलमंत्री वसंतराव नाईक. दिल्लीच्या बलवंतराय मेहता समितीने पंचायत समितीला जास्त महत्त्व दिलं होतं. नाईक समितीने ते जसंच्या तसं उचललं नाही. महाराष्ट्रात जिल्हा परिषद बळकट पाहिजे, असं तिने सांगितलं. त्यावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, जनावरांचा दवाखाना, शेतीचा विस्तार, हे सगळं तिथे आलं. माझ्यासारखा विस्तार अधिकारी पंचायत समितीत खुर्ची टाकून बसतो तो याच रचनेमुळे. म्हणजे १ जुलैला हार घालणारे आम्ही त्या माणसाच्या अहवालातूनच जन्मलो आहोत म्हणा ना.

१९६२ ला यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. त्यांच्या जागी मारोतराव कन्नमवार आले, ते नोव्हेंबर १९६३ मध्ये वारले. ५ डिसेंबर १९६३ ला नाईकसाहेब मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. अकरा वर्षांच्या वर. सलग इतकी वर्षं हे पद महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेलं नाही.

पण वेळ कसली होती बघा. १९६५ ला पाकिस्तानशी युद्ध, पाऊस दगा देणारा, रेशनवर अमेरिकेचं धान्य. त्या वर्षी नाईकसाहेबांनी पुण्यात जाहीर सांगून टाकलं, की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला शनिवारवाड्यापुढे फाशी द्या. पुढाऱ्याने स्वतःच्या गळ्याला दोर बांधून घ्यावा, अशी उदाहरणं फार नाहीत.

त्यांच्या हातात हत्यार एकच होतं, संकरित बियाणं. सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी १९६४ साली निघाली. बुटकी, शंभर दिवसांच्या आसपास येणारी, खत-पाण्याला उत्तर देणारी. आणि इथे जालना येतं. त्याच १९६४ साली जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी महिको कंपनी काढली. भेंडीच्या बियाण्यापासून सुरू झालेलं त्यांचं काम ज्वारी-बाजरीच्या संकरित बियाण्याकडे वळलं. बीजोत्पादनाचे प्लॉट शेतकऱ्यांच्याच रानात घेतले जात. चार ओळी मादी, दोन ओळी नर, भेसळीची ताटं उपटून टाकायची, आजूबाजूला ठरावीक अंतरात दुसरी ज्वारी नको. हे शिस्तीचं काम आपल्या लोकांनी शिकून घेतलं, आणि पुढे जालना बियाण्यांचं गाव झालं. बारवालेंना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मुंबईत बसलेल्या मुख्यमंत्र्याचा हट्ट आणि जालन्याच्या बियाणेवाल्याची मेहनत एकाच काळात जुळून आली, असं म्हणायला हरकत नाही.

आता खरं तेही सांगतो. हायब्रीड सगळ्यांना आवडली नाही. खोडमाशी लागायची. पावसात कणीस भिजलं की दाणा काळा पडायचा. भाकरीला देशी ज्वारीची चव नव्हती, आणि ताट बुटकं म्हणून कडबा कमी, मग बैलांना घालायचं काय? जुनी माणसं या ज्वारीला नावं ठेवत आणि तीच पेरत, कारण घरात पोती जास्त यायची. दोन वर्षांनी नाईकसाहेबांना कुणी शनिवारवाड्यापुढे उभं केलं नाही. पण धान्याचा प्रश्न कायमचा सुटला होता असं मानलं, तर १९७२ ने ते खोटं ठरवलं.

बहात्तरचा दुष्काळ. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी आज संध्याकाळी विचारून बघा. खडी फोडायची कामं, पाझर तलाव, नालाबंडिंग, कामावर मिळणारी सुकडी, रेशनची लाल मिलो. जालना तेव्हा औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातला तालुका होता आणि परतूर परभणीत. आपला जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. एवढ्या मोठ्या दुष्काळात माणसं उपाशी मरू न देणं हे त्या सरकारचं मोठं काम. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना होती, नाईकसाहेबांनी तिला सरकारचा हात दिला. १९७७ ला विधिमंडळाने तिचा कायदा केला, आणि २००५ ला देशाने त्या धर्तीवर कायदा केला. आम्हा पगारदारांच्या पगारातून जो व्यवसाय कर कापतात, तो १९७५ ला सुरू झाला तोही या रोजगार हमीसाठीच. पगाराच्या चिठ्ठीवर कुरकुरणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.

मात्र त्याच काळात मराठवाडा नाराज होता, हेही लपवायचं कारण नाही. रस्ते झाले, खडीचे ढीग झाले, पण पाणी किती अडलं? नोकऱ्या, उद्योग, रेल्वे या मागण्यांसाठी १९७४ ला मराठवाडा विकास आंदोलन पेटलं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची, धरणाचं लोकार्पण १९७६ चं. तोवर नाईकसाहेब पायउतार झाले होते आणि मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण, ज्यांनी या धरणासाठी खरी खटपट केली. डाव्या कालव्याचं पाणी अंबड-घनसावंगीच्या रानाला लागलं त्याचं श्रेय वाटताना शंकररावांचा वाटा मोठा धरावा लागेल. जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, भोकरदन-जाफराबादकडे, पाण्याची ओढ राहिलीच.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम कृषी विद्यापीठांचं. १९६८ ला राहुरी, १९६९ ला अकोला, १८ मे १९७२ ला परभणी आणि दापोली. यातल्या अकोल्याच्या विद्यापीठाला नाव दिलं पंजाबरावांचं. देशाचे कृषिमंत्री राहिलेले पंजाबराव १९६५ ला वारले होते. ज्यांच्या हाताखाली वकिली शिकली त्यांचं नाव शिष्य मुख्यमंत्री असताना विद्यापीठाला लागलं. शोकप्रस्ताव तर होतातच. इथे नावाबरोबर शेकडो एकर जमीन, प्राध्यापक आणि प्रयोगशाळा पण दिल्या. मला विचाराल तर श्रद्धांजली अशी असावी.

१९७७ ला नाईकसाहेब वाशीममधून लोकसभेवर गेले. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरमध्ये त्यांचं निधन झालं. पुढे त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ ला मुख्यमंत्री झाले. सरकारने १ जुलै हा कृषी दिन ठरवला, शेतीच्या पुरस्कारांना त्यांचं नाव दिलं. आणि जन्मशताब्दीला, १ जुलै २०१३ पासून, परभणीच्या विद्यापीठाचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं. कृषी विद्यापीठांची नावं कायद्यातच लिहिलेली असतात, त्यामुळे नाव बदलायचं तर विधिमंडळाला कायद्यात दुरुस्ती करावी लागते. आमदारांना देता येणारा याहून पक्का मान नाही.

आता एकच तक्रार. कृषी दिन येतो ऐन पेरणीत. सत्काराला बोलावलेला शेतकरी एक डोळा घड्याळाकडे आणि एक आभाळाकडे ठेवून बसलेला असतो. तिफण रानात उभी, आणि हा खुर्चीवर. बांधावर जाऊन अर्ध्या तासात सत्कार उरकला, सोबत बीजप्रक्रिया करून दाखवली, तर नाईकसाहेबांना वाईट वाटणार नाही. मी वरच्यांना हे सुचवून पाहिलंय. सभागृहात फोटो चांगला निघतो, असं कळलं.

दुसरा दिवस मात्र आपण आवर्जून साधतो. १८ मे, विद्यापीठाचा वर्धापन दिन. परभणीला खरीप पीक मेळावा भरतो आणि बियाणं विक्रीला निघतं. आपल्याकडून लोक पहाटेच गाडी काढतात, रांगेला लागतात. त्यांना पाहिजे असते ती तूर बहुधा आपल्याच बदनापूरच्या संशोधन केंद्राने काढलेली असते. बीडीएन-७११, पांढरी, पाच-सव्वापाच महिन्यांत येणारी, मर आणि वांझ रोगाला दाद न देणारी. किंवा लाल पाहिजे असेल तर बीएसएमआर-७३६. पिशवीवर विद्यापीठाचं पूर्ण नाव छापलेलं असतं. रांगेतला माणूस ते वाचत नाही, लॉट नंबर आणि उगवणशक्ती बघतो, पैसे मोजतो आणि गावी येऊन सांगतो की परभणीहून बदनापूरची तूर आणली.