केडगावची उपासना

मराठी ख्रिस्ती उपासनेचा विषय निघाला की रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव हमखास पुढे येते. परकीय चालींच्या गीतांबरोबरच अभंगाला, भजनाला आणि कीर्तनाला मराठी चर्चमध्ये मानाचे स्थान मिळाले, ते प्रामुख्याने टिळकांमुळे. आजही रविवारच्या प्रार्थनेत त्यांची पदे म्हटली जातात. परंतु टिळक आपल्या रचनांनी मराठी चर्चला गाते करत होते, त्याच काळात पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव या लहानशा गावी एक निराळीच उपासना आकाराला येत होती. ती जात्यावर होत होती, हातमागावर होत होती, आजाऱ्याच्या अंथरुणापाशी आणि छापखान्यातल्या खिळ्यांच्या पेटीपाशी होत होती. तिच्या सूत्रधार होत्या पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे नाव सुशिक्षित मराठी वाचकाला अपरिचित नाही. कोलकात्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविलेली तरुणी, ‘स्त्रीधर्मनीती’ची लेखिका, हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी डॉक्टर व शिक्षिका मागणारी विधवा, एवढे सर्वांना ठाऊक असते. धर्मांतराचा विषय आला की मात्र काहीजण सौजन्याने पान उलटतात, तर काहीजण तेवढेच पान वाचतात. त्यांचे काम आणि त्यांची श्रद्धा या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, असे दोन्ही प्रकारच्या वाचकांनी गृहीत धरलेले असते. रमाबाईंना स्वतःला ते कधीच मान्य झाले नसते.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे जुन्या परंपरेतले शास्त्री. आपले गुरू पेशव्यांच्या वाड्यातील स्त्रीला संस्कृत शिकवतात, हे त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिले होते आणि पुढे आपली पत्नी लक्ष्मीबाई हिलाही तेच शिक्षण दिले. समाजाच्या रोषाला तोंड देत हे कुटुंब रानात राहिले, नंतर तीर्थाटनाला निघाले. आईने रमेला संस्कृत शिकवले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचायचे आणि ऐकणारे जे ठेवतील त्यावर गुजराण करायची, हा त्यांचा जीवनक्रम होता. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना संस्कृत कळत नसे. पुण्य लागते म्हणून ते ऐकत, फूल-पैसा वाहत आणि निघून जात. बालपणीच्या रमेची उपासना ही अशी स्वर आणि श्रवण यांची होती.

त्या उपासनेचा कस दुष्काळात लागला. मद्रास इलाख्यातील दुष्काळाने १८७४ मध्ये प्रथम वडील, मागोमाग आई आणि काही महिन्यांत थोरली बहीण असे एकामागून एक बळी घेतले. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे भावंडे पायी उत्तरेकडे चालत राहिली. झेलमच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी वाळूत खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. नियम पाळले, व्रते केली, देवळांना प्रदक्षिणा घातल्या, पण पोट रिकामेच राहिले. पुढे केडगावला घडले त्याचे मूळ शोधायचे तर वॉंटेजच्या चर्चइतकेच ते झेलमच्या वाळूतही शोधावे लागेल.

१८७८ मध्ये ही भावंडे कोलकात्याला पोहोचली. तिथला सन्मान, १८८० मध्ये भावाचा मृत्यू, त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात ओलांडून नोंदणी पद्धतीने झालेला विवाह, १८८१ मध्ये मनोरमाचा जन्म आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने झालेले पतीचे निधन. अवघ्या चार वर्षांत एवढे सगळे घडून गेले. त्याच वर्षी रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीती’च्या विक्रीतून मिळालेल्या पैशांतून तान्ह्या मुलीला घेऊन इंग्लंडला निघाल्या. वैद्यकीय शिक्षण घ्यायचे, ही त्यांची मनीषा होती. ती पुरी झाली नाही. कानांनी ऐकू येणे कमी होत चालले होते आणि बहिरेपणामुळे डॉक्टर होण्याची वाट बंद झाली. पुराणे ऐकवून वाढलेल्या या स्त्रीला पुढचे आयुष्य कमी होत जाणाऱ्या श्रवणशक्तीनिशी काढावे लागले.

वॉंटेज येथील सेंट मेरी संघाच्या सिस्टरांकडे त्या उतरल्या होत्या. तिथून त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील एक आश्रयस्थान दाखवण्यात आले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची शुश्रूषा सिस्टर तिथे करत होत्या. रमाबाईंना धर्मशास्त्रे मुखोद्गत होती. त्यांतील प्रायश्चित्ते आणि शिक्षाही ठाऊक होत्या. अशा स्त्रियांना जवळ बसवून, खाऊपिऊ घालून पुन्हा उभे करणे हे देवाचे काम मानले जाते, हा अनुभव त्यांना नवा होता. हे कशासाठी, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल सिस्टरांनी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, लौकिकाने डागाळलेल्या एका बाईशी येशू खऱ्या उपासनेविषयी बोलतो, अशी ती कथा. देवाची भक्ती अमुकच डोंगरावर किंवा अमुकच नगरात करावी लागत नाही, हे तो विद्वानांना नव्हे, तर त्या बाईला सांगतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वॉंटेज येथे रमाबाई आणि मनोरमा यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे रमाबाई सिस्टरांच्या आज्ञेत आल्या, असे मात्र झाले नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी घातला. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असे भारतातील बिशपांचे मत पडले, तेव्हा त्या संतापल्या. शाकाहार आणि साडी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. एका पंथाच्या चौकटीत त्या कधी मावल्या नाहीत. सनातनी पुणेकर त्यांना बाटगी म्हणत होते, तर इंग्लंडातील हितचिंतकांना त्या हट्टी वाटत होत्या.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथेच जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक गाजले, बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षांच्या मदतीचे आश्वासन घेऊन त्या परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. गोदूबाई ही त्याची पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून महाराष्ट्राने ओळखले, त्या याच. १८९० मध्ये सदन पुण्याला आले.

इथे एक पेच होता. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असे ठरलेले होते आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे त्या भरवशावर सल्लागार मंडळात आली होती. रमाबाई स्वतः मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि त्या वेळी दार बंद करत नसत. मुली येऊन बसू लागल्या. कुणाला यायला सांगितले नाही, आलेल्याला उठवणारही नाही, अशी त्यांची भूमिका होती. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी मंडळाशी संबंध सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे सदनातील काही मुलींनी बाप्तिस्माही घेतला, तेव्हा टीकाकारांना आपला संशय खरा ठरल्याचे वाटले.

त्या वादात एकट्या पुण्याला दोष देणे अन्यायाचे होईल. निराधार मुलीला आसरा देणाऱ्याचे उघडे दार हे नुसते दार राहत नाही. जिच्या हातून अन्न मिळते तिची प्रार्थना मुलीला आपलीशी वाटणे स्वाभाविक आहे आणि पालकांची भीती निव्वळ कर्मठपणातून आलेली नव्हती. दुसऱ्या बाजूने, दार लावून घ्या असे सुचवणाऱ्यांपैकी कितीजणांनी केशवपन झालेल्या बालविधवेसाठी आपल्या घराचे दार उघडले होते, हाही प्रश्न उरतोच. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, त्यामागे शारदा सदनाचे उदाहरण होते. हिंदू समाजाने स्वतः हे काम हाती घेण्याची निकड त्या वादातूनच पुढे आली, असे म्हणावे लागते.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना बातम्या आल्या आणि वाळूतल्या रात्री आठवल्या. त्या स्वतः तिकडे गेल्या. भुकेने सापळे झालेल्या, दलालांच्या तावडीत सापडू शकणाऱ्या मुली व बायका त्यांनी गोळा केल्या. अशा सुमारे ३०० जणी आल्या. त्या वेळी पुण्यात प्लेगची साथ होती आणि एवढी माणसे शहरात ठेवण्यास सरकारची मनाई होती. केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती, तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती सदनाचा आरंभ हा असा आहे. याच १८९७ मध्ये, पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी वृत्तपत्रातून उघड लिहिले आणि गव्हर्नरचा रोष पत्करला. मिशनरी म्हणजे सरकारधार्जिणा, असे समजणाऱ्यांनी ही नोंद लक्षात ठेवावी.

१९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती १,९०० च्या आसपास गेली. हा आकडा कागदावर वाचून सोडून देण्यासारखा नाही. एवढ्या जणींना दोन वेळा जेवायला घालायचे तर धान्य निवडणे, दळणे, पाणी ओढणे, लाकूडफाटा, भांडी हेच दिवसभराचे काम होते. आलेल्यांपैकी अनेकींना खरूज, आव, डोळ्यांचे विकार असत. काहीजणी पहिल्या आठवड्यातच दगावत. त्यांना आंघोळ घालणे, जखमा धुणे, केसांतल्या उवा काढणे ही कामे आधी बऱ्या झालेल्या मुलींवर सोपवली जात. काल जिला उचलून आणले, तीच आज दुसरीला उचलत असे. ब्राह्मण घरातली विधवा आणि गावकुसाबाहेरची मुलगी एकाच विहिरीचे पाणी ओढत. शहाण्या माणसांच्या परिषदांत जो ठराव संमत होत नव्हता, तो तिथे स्वयंपाकघरात रोज अमलात येत होता.

हातमाग, शिवण, तेलाचा घाणा, गोठा, भाजीचा मळा, बेकरी, धोबीकाम असे एकेक काम उभे राहिले. दान संपले की पोट उपाशी, हे रमाबाईंनी देवळाच्या पायरीवर बसून अनुभवले होते. त्यामुळे प्रत्येकीच्या हाताला कौशल्य हवे, असा त्यांचा आग्रह होता. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, वृद्धांसाठी प्रीती सदन होते आणि अंधांसाठी बार्तिमी सदन. तिथे मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवण्याची व्यवस्था केली. फुलहॅमला पाहिलेले काम वीस वर्षांत केडगावच्या माळावर अवतरले होते. प्रार्थनेची घंटा होत असे आणि भजनेही होत. १९०५ मध्ये तर मुक्तीत सामुदायिक प्रार्थनेची जी लाट उसळली, तिची चर्चा जगभरच्या ख्रिस्ती वर्तुळात झाली. पण घंटा थांबली की जाते सुरू होत असे आणि रमाबाईंच्या लेखी त्या दोहोंत तुटक रेषा नव्हती.

मुक्तीचा छापखाना हा त्यांच्या विशेष अभिमानाचा विषय. तत्कालीन मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर होती. खेड्यातून आलेल्या मुलींना ती कळत नसे. अर्थ न समजता ऐकायचे आणि पुण्य मिळाले असे मानायचे, हे चित्र रमाबाईंनी देवळांत पाहिले होते. तेच चर्चमध्ये पाहण्याची त्यांची तयारी नव्हती. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. जिने ‘सरस्वती’ ही पदवी संस्कृतच्या बळावर मिळवली, ती आता प्रत्येक ओळीतून संस्कृत शब्द वेचून बाहेर काढत होती. त्या भाषांतराची शैली सर्वांना आवडली असे नाही आणि साहित्य म्हणून ते फारसे रुजलेही नाही. पण ज्यांच्यासाठी ते होते, त्याच बायकांनी त्याचे खिळे जुळवले, पाने छापली आणि बांधली. आठ-दहा वर्षांपूर्वी रस्त्याकडेला पडलेली मुलगी तिथे हिब्रूतून आलेले वाक्य उलट्या अक्षरांत जुळवत होती.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. त्याने त्यांच्या दिनक्रमात फरक पडला नाही. फरक पडला तो १९२१ च्या जुलैमध्ये. मुक्तीचा भार जिच्यावर सोपवायचा, ती मनोरमा मिरज येथे मरण पावली. तेव्हा तिचे वय ४० होते. जिला कडेवर घेऊन समुद्र ओलांडला, ती शेवटची सोबतही गेली. रमाबाईंची प्रकृती खालावली होती आणि बायबलची मुद्रिते तपासायची राहिली होती. तेवढे काम पुरे होईपर्यंत आयुष्य मिळावे, अशी त्यांनी प्रार्थना केल्याचे केडगावात सांगितले जाते. मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.