खरखरीशी झुंजणारा माणूस

सुपरहेटरोडाइन रिसीव्हरची ब्लॉक डायग्राम आपण सगळेच पाठ करतो. मिक्सर, लोकल ऑसिलेटर, ४५५ किलोहर्ट्झ आय.एफ., झाले मार्क! पण मित्रांनो, ज्याने हे सर्किट दिलं त्याची गोष्ट सिलॅबसमध्ये नाही.

एडविन आर्मस्ट्राँगचा जन्म १८९० साली न्यूयॉर्कमध्ये झाला. १९१२ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच त्याने रिजनरेटिव्ह रिसीव्हर तयार केला. व्हॉल्व्हचं थोडं आउटपुट परत इनपुटला दिलं की बारीक सिग्नलही मोठा होतो. एका व्हॉल्व्हवर काम भागतं, म्हणून हौशी मंडळींना परवडणारा सेट. पण फीडबॅक जरा वाढला की सेट स्वतःच ट्रान्समीटर बनतो आणि शेजाऱ्याच्या रेडिओत शिट्ट्या वाजतात!

पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना, १९१८ मध्ये पॅरिसला त्याने सुपरहेट शोधला. कुठलंही स्टेशन आधी एका ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर आणायचं आणि तिथे नीट गाळायचं. शेजारचं स्टेशन आत घुसत नाही. मात्र व्हॉल्व्ह जास्त, म्हणजे खर्चही जास्त.

डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हौशी मंडळींनी पॉल गॉडलीला स्कॉटलंडला पाठवलं. आपले सिग्नल अटलांटिक ओलांडतात का, हे बघायला. आर्ड्रॉसनच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून त्याने सुपरहेटवर कान लावला, आणि कनेक्टिकटमधलं एक स्टेशन स्पष्ट ऐकू आलं. ते उभारणाऱ्यांत स्वतः आर्मस्ट्राँग होता!

तरी विजांची खरखर उरलीच. ती स्टेशनच्याच फ्रीक्वेन्सीवर येते, मग गाळणार कशी? ही खरखर मुख्यतः सिग्नलची उंची बदलते. म्हणून त्याने माहिती उंचीत न ठेवता फ्रीक्वेन्सीत ठेवली. १९३३ मध्ये या एफ.एम.ची पेटंट्स मिळाली.

पुढे मात्र नशीब फिरलं. १९४५ मध्ये अमेरिकेत एफ.एम.चा बँडच बदलला आणि जुने सेट निकामी झाले. १९४८ पासून आर.सी.ए. कंपनीशी पेटंटचा खटला सुरू झाला. पैसा संपला, संसार विस्कटला. १९५४ मध्ये त्याने स्वतःच आयुष्य संपवलं. बायको मॅरियन मात्र खटले लढत राहिली. शेवटचा ती १९६७ मध्ये जिंकली.

त्रास शेजारच्या स्टेशनचा की विजेचा, हे त्याने प्रत्येक वेळी आधी ओळखलं आणि मगच सर्किट बदललं. सेट महागडा असला म्हणजे खरखर जातेच असं नाही, दोस्तांनो. आधी खरखर ओळखा!