डब्यात ओतलेले पिस्टन

सायकलचा पंप घ्या. त्याच्या तोंडावर बोट दाबून धरा आणि दांडा जोरात आत ढकला. आतली हवा दाबली जाते आणि पंप जरा गरम लागतो, हो ना? मोटरसायकलच्या इंजिनातही असंच होतं. तिथे दांड्याच्या जागी पिस्टन असतो. तो पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो, मग ठिणगी पडते. मिश्रण जितकं जास्त दाबलं जाईल तितका धक्का जोराचा. म्हणून वेग हवा असेल तर उंच माथ्याचा पिस्टन बसवतात. पण मग उष्णताही वाढते, आणि पिस्टन वितळतो किंवा फुटतो.

किती पिस्टन फुटतात, ते बर्ट मन्रो यांना विचारायला हवं होतं!

बर्ट यांचा जन्म 1899 साली न्यूझीलंडमध्ये, इन्व्हरकार्गिल इथे झाला. 1920 साली त्यांनी नवी मोटरसायकल घेतली. तिचं नाव 'इंडियन स्काउट'. नावावर जाऊ नका, कंपनी अमेरिकेतली होती. गाडी तासाला जेमतेम 55 मैल पळायची. बर्ट यांचं तेवढ्यानं भागेना.

पैसे तर फार नव्हते. मग ते आपल्या शेडमध्ये जुना धातू वितळवायचे आणि तो रस जुन्या डब्यांच्या साच्यांत ओतायचे. थंड झाला की घासून, तासून पिस्टन तयार! तो बसवायचा, गाडी पळवायची, आणि पिस्टन फुटायचा. पुन्हा इंजिन उघडा, पुन्हा ओता. फुटके भाग ते टाकून देत नसत. वेगाच्या देवाचा नैवेद्य म्हणून एका फळीवर मांडून ठेवत. मला विचाराल तर, ती फळी कुठल्याही चषकापेक्षा बघण्यासारखी होती.

600 सीसीचं इंजिन वाढत वाढत 950 सीसीचं झालं. 1962 साली बर्ट गाडी जहाजानं अमेरिकेला घेऊन गेले. यूटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं सपाट मैदान आहे. तिथे ते पुन्हा पुन्हा गेले. 1967 साली त्यांचं वय 68, गाडीचं 47! त्या वर्षी त्यांनी 1000 सीसीच्या आतल्या गाड्यांचा विक्रम केला. असा वेग जाताना आणि येताना मोजतात आणि सरासरी काढतात. ती निघाली तासाला 183.59 मैल.

बर्ट 1978 साली वारले. पुढे त्यांच्या मुलाच्या लक्षात आलं की त्या सरासरीचा हिशेबच चुकला होता. 2014 साली नोंद दुरुस्त झाली: 184.087 मैल.