हाती खराटा, मुखी गोपाला : श्रीसंत गाडगेबाबा

शताब्दीच्या अंकात संतांची चरित्रं घ्यायची ठरलं, तेव्हा गाडगेबाबांचं नाव दिंडीतल्या सगळ्यांनीच घेतलं. बाबा पंढरीला वारीत येत, पण देवळात जात नसत. आपण दर्शनबारीत उभे असायचो तेव्हा ते वाळवंट झाडत असायचे. असा हा वेगळाच वारकरी.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परटाचं, नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. डेबू मामाच्या घरी गुरं राखू लागला, हातात नांगर धरू लागला. शाळा काही नशिबात नव्हती. पुढं मामाच्या अडाणीपणाचा फायदा घेऊन सावकारानं जमीन गिळली. दारू, कर्ज आणि अक्षरशत्रूपणा, या तिन्ही गोष्टी बाबांनी घरातच भोगल्या. जन्मभर जे शिकवलं ते कुठल्या पोथीतलं नव्हतं, याच दुखण्यावरचं औषध होतं.

सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. मुलीच्या बारशाला रीतीप्रमाणं मटण-दारू करायची, तर यांनी गोडाचं जेवण घातलं. भाऊबंद रागावले, तरी हे हटले नाहीत.

१९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात काठी आणि मातीचं गाडगं. त्यातच भाकरी खायची, त्यातच पाणी प्यायचं. म्हणून लोक गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबांची शिकवायची तऱ्हा नीट पाहा. सकाळी गावात पाऊल टाकलं की खराटा घेऊन रस्ता झाडायला लागायचे. कुणाला बोलवायचे नाहीत. हळूहळू पोरंटोरं यायची, मग बाप्ये-बाया यायच्या. दिवसभरात गाव लख्ख. रात्री त्याच गावात कीर्तन. बोली वऱ्हाडी, शेतात बोलतो तीच. गोपालाच्या गजरात मधेच बाबा लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोक उत्तर द्यायचे. बकरं कापून देव खूश होतो का, कर्ज काढून लग्न करावं का, शिवाशीव देवानं सांगितली का? उत्तर लोकांच्याच तोंडून निघायचं, त्यामुळं ते मनात बसायचं. ज्याला पाटी-पेन्सिल ठाऊक नाही, त्याला शिकवायची याहून चांगली शाळा आम्हाला तरी माहीत नाही. सकाळी हातानं करायचं, रात्री डोक्यानं समजून घ्यायचं. पाया पडलेलं त्यांना आवडत नसे. एकुलता मुलगा गेल्याची बातमी कीर्तनात आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवलं नाही.

लोकांनी दिलेल्या पैशाला बाबांनी स्वतःसाठी हात लावला नाही. ऋणमोचनला घाट झाला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरीत ज्यांना कुणी ओसरीवर टेकू देत नव्हतं, त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली. पुढं ती मुलांच्या शिक्षणासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बाबांचं सांगणं एकच असे. भांडी मोडा, हातावर भाकरी घ्या, बायकोला कमी किमतीचं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडच्या कॉलेजला बाबांचं नाव दिलं ते उगाच नाही. आज अमरावतीच्या विद्यापीठालाही बाबांचंच नाव आहे. ज्यांनी शाळा पाहिली नाही, त्यांचं नाव आज पदवीच्या कागदावर छापलं जातं.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ बाबांनी देह ठेवला.

आता एक आमचीच गोष्ट कबूल करतो. मागं एका मुक्कामी गावानं आम्हाला शाळेचं पटांगण दिलं. पिठलं-भाकरी खाऊ घातली. पहाटे काकडा झाला, आम्ही वीणा उचलली आणि निघालो. मागं पत्रावळी, द्रोण, खरकटं तसंच राहिलं. शाळेच्या पोरांनी दप्तरं बाजूला ठेवून ते झाडलं, असं नंतर कानावर आलं. त्या दिवशी त्या पोरांचा अभ्यास आमच्यामुळं बुडाला. मुखानं हरिनाम आणि मागं उकिरडा, हे कुठल्या वारीत बसतं?

तेव्हापासून आम्ही दिंडीच्या सामानात टाळ-मृदंगाबरोबर खराटेही ठेवले आहेत. जागा झाडल्याशिवाय वीणा उचलायची नाही, हा नेम केला आहे. कुणी कधी कंटाळा करतो, विणेकरी मग स्वतःच खराटा हातात घेतात. आणखी एक ठरवलं आहे. दिंडीतल्या कुणी वारीसाठी सावकाराचे पैसे घेऊ नयेत. कमी पडलं तर सगळ्यांनी मिळून भागवावं. आणि ज्याच्या घरची लेक शाळा सोडून बसली असेल, त्याच्या घरी आधी जाऊन बसावं.

पुढची शंभर वर्षं एवढं जरी सांभाळलं, तरी बाबांचं चरित्र आम्ही वाचलं असं म्हणता येईल.

रामकृष्ण हरी!