वर्गातील गलबला आणि गिजुभाई

शिक्षकाने वर्गात पाऊल टाकताच गलबला थांबला पाहिजे, ही आपल्याकडील शिस्तीची रूढ कल्पना आहे. छडी हे तिचे पिढ्यान्‌पिढ्यांचे साधन. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी झालेल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. छडी गेली, परंतु बडबड्या वर्गापुढे उभे कसे राहावे, हा प्रश्न माध्यमिक शाळांतील शिक्षकांपुढे कायमच राहिला. याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांचे उत्तरायुष्य गेले, त्या गिजुभाई बधेका यांच्या चरित्राकडे म्हणूनच पुन्हा वळावेसे वाटते.

गिरिजाशंकर भगवानजी बधेका यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चित्तळ या गावी झाला. पोटापाण्यासाठी ते १९०७ साली पूर्व आफ्रिकेत गेले आणि परतल्यावर वकील झाले. वढवाण येथे त्यांचा जम बसला होता. पण १९१३ साली पुत्रजन्म झाला आणि मुलाच्या शिक्षणाच्या चिंतेने या वकिलाला मादाम माँटेसरींच्या ग्रंथांपर्यंत नेले. १९१६ मध्ये त्यांनी वकिली सोडली व नानाभाई भट्टांच्या भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत ते दाखल झाले. प्रौढ विद्यार्थ्यांना वळण लावण्याआधी बालपणाकडे लक्ष दिले पाहिजे, या निष्कर्षावर येऊन १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. भरघोस मिशांच्या या गृहस्थाला गुजरातने ‘मिशीवाली आई’ असे नाव दिले, ते उगाच नव्हे.

एकोणीसशे तीसच्या दशकारंभी प्रसिद्ध झालेले ‘दिवास्वप्न’ हे त्यांचे पुस्तक कथारूप आहे. लक्ष्मीराम नावाचा शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडून वर्षभरासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो. पहिल्याच दिवशी तो शांततेचा खेळ मांडतो आणि त्याची पुरती फजिती होते. मुले चित्रविचित्र आवाज काढतात, हसतात, वर्ग डोक्यावर घेतात. लक्ष्मीराम मात्र छडीकडे वळत नाही. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, आणि काल न आवरणारी तीच मुले तल्लीन होऊन ऐकत बसतात. पुढे याच गोष्टीच्या ओढीने वर्गात नीट बसणे, हजेरी, वाचन या साऱ्या गोष्टी साधत जातात. सहकारी हसतात, अधिकारी वार्षिक परीक्षेची आठवण देतात. प्रयोग तरीही चालू राहतो.

गिजुभाईंचा शांततेला विरोध नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. शांतता हुकमाने लादता येत नाही, ती गोडीतून निपजते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मुलाच्या बडबडीत त्यांना उद्धटपणा दिसला नाही. कामावाचून पडून राहिलेली शक्ती दिसली.

साठ-साठ विद्यार्थ्यांचे वर्ग, शालान्त परीक्षेचा धाक आणि संपवावयाचा अभ्यासक्रम यांपुढे गोष्टींचा काय पाड, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. चौदा वर्षांच्या मुलाला राजाराणीची गोष्ट पुरणार नाही, हेही खरे. परंतु त्या वयाला वाद हवा असतो, प्रश्न हवा असतो, चारचौघांत बोलण्याची संधी हवी असते. ती वर्गाच्या कामातच मिळाली, तर बाकांखालची कुजबुज पुष्कळशी आपोआप ओसरते. वर्गांची संख्या वाढवून त्यांचा आकार आटोक्यात आणणे हे मात्र शासनाचे कर्तव्य आहे. त्याचा भार एकट्या शिक्षकाच्या कल्पकतेवर टाकणे अन्यायाचे ठरेल.

गिजुभाई २३ जून १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी निवर्तले. भावनगरला त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी ते काम महाराष्ट्रात आणले आणि बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत पोहोचविले. बालवाडीने गिजुभाईंचा वारसा असा स्वीकारला. माध्यमिक शाळेच्या दारातून मात्र तो अद्याप पुरता आत आलेला नाही. छडी टाकून देण्याचे काम कायद्याने केले. तिच्या जागी काय आणावयाचे, हे शिक्षक, पालक आणि शासन यांनी मिळून ठरवावयाचे आहे.