उत्तर देण्याचा गुन्हा

महर्षी धोंडो केशव कर्वे यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले. त्यांच्या थोरल्या चिरंजिवांच्या, रघुनाथरावांच्या वाट्याला मात्र दोनदा न्यायालयाचा दंड आला. र. धों. कर्वे हे नाव आपण संततिनियमनाच्या संदर्भात घेतो, आणि ते यथार्थच आहे. तथापि त्यांच्यावरील दुसरा खटला ज्या कारणास्तव झाला, त्याचा विचार सहसा होत नाही.

१४ जानेवारी १८८२ रोजी मुरूड येथे जन्मलेले रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. हा प्रचार सोडावा, नाहीतर नोकरी सोडावी, असा पेच पडला, तेव्हा १९२५ साली त्यांनी विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकपद सोडले. जुलै १९२७ मध्ये सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, आर्थिक ओढग्रस्तीत आणि पत्नी मालतीबाईंच्या खंबीर साथीने चालविले. जे घरात उच्चारण्याची सोय नव्हती, ते या मासिकाला विचारता येत असे, आणि त्याला उत्तरही मिळत असे.

१९३१ साली एका लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्यात आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. त्या प्रश्नांत हस्तमैथुनाचा विषय होता, तसाच समलिंगी आकर्षणाचाही. या वेळी कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावरील लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही, आणि ज्याला जन्मतःच अशी ओढ आहे त्याला विकृत ठरविण्याचे कारण नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधारही त्यांनी दिला. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला.

अस्पृश्यतेचा अपमान ज्यांनी स्वतः सोसला होता, तेच या उपेक्षितांच्या बाजूने उभे राहिले, हा योगायोग नव्हे. जन्माने जे मिळाले त्यासाठी माणसाला लज्जित करावयाचे, आणि पुढे त्याने स्वतःच स्वतःला हीन मानावयाचे, ही दोन्हीकडची रीत एकच. सततचा तिरस्कार, लपवाछपवी आणि नकाराची धास्ती यांमुळे मनावर जो जादा भार पडतो, त्याची मीमांसा इलन मेयर या अमेरिकी संशोधकाने २००३ साली केली. एखादा तरुण दलितही असेल आणि समलिंगीही, तर हा भार दुहेरी होतो. अशा माणसाला खंबीर होण्याचा उपदेश करणे सोपे आहे. परंतु खंबीरपणा एकाकी मनात उगवत नाही. तू रोगी नाहीस, असे कुणीतरी जाणत्याने सांगावे लागते. कर्व्यांचे मोठेपण आहे ते येथे.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी आकर्षण विकारांच्या यादीतून काढले ते १९७३ साली, म्हणजे या खटल्यानंतर ३९ वर्षांनी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. त्याला ८४ वर्षे लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास मात्र नकार दिला.

कायदा पुढे सरकला, पण घराचा उंबरठा अजून तेथेच आहे. मुलुंडहून सकाळच्या लोकलने महाविद्यालयात वा कचेरीत जाणाऱ्या गर्दीतही हा प्रश्न मनात दडवून उभे असलेले कुणीतरी असणारच. ते उद्या आपल्या वर्गशिक्षकाकडे, थोरल्या भावाकडे किंवा शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याकडे येईल. त्या वेळी हसण्यावारी न नेता, उपदेशही न करता, नीट माहितीचे उत्तर देणे एवढेच आपल्या हाती आहे. रघुनाथरावांना त्यासाठी दोनशे रुपये मोजावे लागले. आपल्याला तेवढेही मोजावे लागणार नाहीत.