एसी माणसांसाठी नाही, कागदासाठी बनला होता! विलिस कॅरिअर यांची गोष्ट

पावसाळ्यात तळलेला पापड तासाभरात मऊ पडतो. लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं. वहीची पानं कडेने वळायला लागतात. या तिन्हीचं कारण एकच आहे, हवेतलं बाष्प. आणि गंमत म्हणजे आज आपण ज्याला एसी म्हणतो, त्याचा जन्म उकाड्यामुळे नाही तर नेमक्या याच त्रासामुळे झाला. कुणाला घाम येत होता म्हणून नव्हे, कागद फुगत होता म्हणून!

ज्या इंजिनिअरने हा प्रश्न सोडवला, त्यांचं नाव आजही कित्येक एसींवर छापलेलं असतं. विलिस हॅविलंड कॅरिअर. चला, बघूया त्यांची गोष्ट.

सफरचंदांचे तुकडे आणि अपूर्णांक

विलिसचा जन्म 26 नोव्हेंबर 1876 चा. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातलं अँगोला नावाचं छोटं गाव, जवळच ईरी सरोवर आणि घरची शेती. शाळेत त्याला अपूर्णांक काही केल्या समजेनात. तेव्हा आईने त्याला तळघरातून सफरचंदं आणायला लावली आणि ती कापून अर्धा, पाव, अष्टमांश असे तुकडे करून दाखवले. तुकडे जोडायचे, वजा करायचे, की झालं गणित. मोठा प्रश्न हातात मावेल एवढ्या तुकड्यांत तोडायचा, ही सवय तिथूनच लागली असं ते पुढे सांगत. ती आई मात्र विलिस लहान असतानाच गेली.

घरची परिस्थिती बेताची होती, पण शिष्यवृत्ती मिळवून आणि मिळेल ते काम करून त्याने कॉर्नेल विद्यापीठातून 1901 साली इंजिनिअरिंगची पदवी घेतली. लगेच बफेलो फोर्ज या कंपनीत नोकरी लागली. ही कंपनी पंखे आणि हवा गरम करायची यंत्रं बनवायची. पगार आठवड्याला 10 डॉलर.

ब्रुकलिनच्या छापखान्यातला बग

वर्षभरातच कंपनीकडे एक विचित्र तक्रार आली. ब्रुकलिनमधल्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यात रंगीत छपाई चालायची. त्या काळी प्रत्येक रंग वेगळा छापत. आज पिवळा, तो वाळला की लाल, मग निळा. पण उन्हाळ्यातल्या दमट दिवसांत कागद बाष्प शोषून किंचित फुगायचा आणि कोरड्या दिवशी आकसायचा. परिणामी दुसरा रंग पहिल्यावर बरोबर बसायचाच नाही. चित्रातल्या बाईचे ओठ गालावर! छापलेले गठ्ठेच्या गठ्ठे वाया जायचे.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणतो, तसाच हा बग होता. सोमवारी दिसतो, मंगळवारी गायब. मशीनमध्ये दोष नाही, शाईत नाही, कामगारात नाही. दोष हवेत. पण हवा कशी दुरुस्त करणार?

17 जुलै 1902 ही तारीख कॅरिअर यांच्या आराखड्यांवर आहे. वय 25. त्यांनी नळ्यांच्या वेटोळ्यांतून थंड पाणी फिरवलं आणि त्यांच्यावरून पंख्याने हवा सोडली. बर्फाच्या पाण्याच्या ग्लासवर बाहेरून थेंब जमतात ना? तेच इथे. गार नळ्यांवर बाष्पाचं पाणी झालं, ते खाली गळालं आणि हवा कोरडी होऊन पुढे गेली. आर्द्रता 55 टक्क्यांवर धरून ठेवायची, हे लक्ष्य होतं.

या यंत्रणेची ताकद कशी मोजली माहितीये? दिवसाला 1,08,000 पौंड बर्फ वितळून जेवढा गारवा मिळेल, तेवढी. म्हणजे 54 अमेरिकन टन. तुमच्या घरचा एसी 'दीड टनाचा' असतो तो याच हिशेबाने! त्याचं वजन दीड टन नसतं. 24 तासांत तेवढा बर्फ वितळताना जितकी उष्णता शोषेल, तितकी तो खोलीतून बाहेर काढू शकतो. म्हणजे कॅरिअर यांची पहिली यंत्रणा आजच्या 36 दीड-टनी एसींएवढी होती.

धुक्यातली आयडिया

तरी कॅरिअर यांचं समाधान झालं नव्हतं. त्याच वर्षाच्या अखेरीस ते पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर गाडीची वाट बघत उभे होते. कडाक्याची थंडी आणि सगळीकडे दाट धुकं. तिथे त्यांच्या डोक्यात विचार आला: धुकं म्हणजे बाष्पाने पूर्ण भरलेली हवा. पण ही हवा इतकी गार आहे की पूर्ण भरूनही तिच्यात बाष्प अगदी थोडंच आहे. मग ठरावीक तापमानाचं धुकं आपणच बनवलं तर?

इथे जरा थांबूया, कारण सगळी जादू इथेच आहे. 25 अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त साधारण 23 ग्रॅम बाष्प धरते. 14 अंशांची हवा मात्र फक्त 12 ग्रॅम. आता हवा 14 अंशांच्या पाण्याच्या फवाऱ्यातून काढा. जास्तीचं बाष्प फवाऱ्यातच राहील आणि बाहेर येईल ती पूर्ण भरलेली, पण 12 ग्रॅमचीच हवा. ती पुन्हा 25 अंशांपर्यंत तापवली की तिची क्षमता 23 ची होते, पण आत आहेत 12. आर्द्रता झाली सुमारे 50 टक्के!

म्हणजे हवेवर पाणी मारून हवा कोरडी करायची. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण चालतो. आणि ओलावा हवा असेल तर पाण्याचं तापमान वाढवायचं. फक्त पाण्याचं तापमान सांभाळलं की हवेतलं बाष्प आपोआप सांभाळलं जातं. शिवाय फवाऱ्यात धूळही धुऊन निघते. या यंत्राचं पेटंट त्यांना 2 जानेवारी 1906 रोजी मिळालं. 1911 साली त्यांनी तापमान, बाष्प आणि दवबिंदू यांची नाती बांधणारी सूत्रं अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडली. वातानुकूलनाचं गणित आजही त्याच पायावर उभं आहे.

गिऱ्हाईकं मात्र अजून कारखानेच होते. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून सूतगिरण्यांना ओलावा हवा होता. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दही कॅरिअर यांचा नाही. तो 1906 साली स्टुअर्ट क्रेमर या कापड उद्योगातल्या इंजिनिअरने वापरात आणला.

फसलेलं काम आणि गेलेली नोकरी

सगळं सरळ झालं असं समजू नका. तरुणपणी मिझुरी राज्यात क्रिस्टल सिटी इथल्या काच कारखान्यात गॅस शुद्ध करणारं यंत्र बसवायचं काम त्यांच्याकडे होतं. यंत्र चाललं, पण कबूल केल्याप्रमाणे नाही. कॅरिअर यांची झोप उडाली. शेवटी त्यांनी स्वतःला विचारलं, वाईटात वाईट काय होईल? तुरुंगात तर कुणी टाकणार नाही. फार तर नोकरी जाईल आणि कंपनीचे 20,000 डॉलर बुडतील. हे मनाने स्वीकारल्यावर डोकं शांत झालं आणि ते पुन्हा चाचण्यांना लागले. आणखी 5,000 डॉलरचं साहित्य लावलं की प्रश्न सुटतो हे कळलं, आणि तोट्याचं काम 15,000 डॉलर नफ्यात गेलं. डेल कार्नेगी यांनी चिंतेवरच्या आपल्या पुस्तकात हा किस्सा घेतला आहे. प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की मी आधी हाच प्रश्न विचारतो. खरंच उपयोग होतो.

पुढे पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि बफेलो फोर्जने खर्च कमी करायला हे कामच आवरतं घेतलं. कॅरिअर तेव्हा 38 वर्षांचे. 1915 साली त्यांनी सहा सहकाऱ्यांसोबत साठवलेले पैसे घातले, तीस हजारांहून थोडे जास्त डॉलर जमले आणि स्वतःची कंपनी उभी राहिली.

आणि मग माणसांची पाळी

जुन्या यंत्रांत अमोनिया असायचा. तो विषारी. गळती झाली तर? गर्दीच्या थिएटरात तो कोण ठेवणार? 1922 मध्ये कॅरिअर यांनी वेगाने फिरणारं, आकाराने आटोपशीर आणि जास्त सुरक्षित द्रव वापरणारं नवं शीतयंत्र आणलं. 1925 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर ते न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात सुरू झालं.

यंत्र सुरू व्हायला उशीर झाला होता. प्रेक्षक आत आले तेव्हा हॉल गरमच होता आणि सगळ्यांच्या हातातले पंखे हलत होते. पॅरामाउंटचे अॅडॉल्फ झुकर स्वतः बघायला आलेले. कॅरिअर आणि त्यांची माणसं जीव मुठीत धरून उभी. हळूहळू गारवा पसरला. एकेक पंखा थांबला, मांडीवर गेला. काम झालं होतं! तोवर उन्हाळ्यात ओस पडणारी थिएटरं आता उन्हाळ्यातच भरायला लागली. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याचं रीगल 1933 साली उघडलं, तेव्हा तेही वातानुकूलित होतं.

घराघरांत एसी पोहोचायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं. पण ती लाट पूर्ण बघायच्या आधीच, 7 ऑक्टोबर 1950 रोजी कॅरिअर यांचं निधन झालं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एसी उष्णता नष्ट करत नाही, ती फक्त आतून बाहेर ढकलतो, आणि त्यासाठी खाल्लेल्या विजेची उष्णताही बाहेरच टाकतो. आपली खोली गार होते तेव्हा गल्ली थोडी तापते.

म्हणून या पावसाळ्यात एक करून बघा. मोबाइलच्या वेदर ॲपमध्ये दवबिंदू किती दाखवतो ते पाहा. तो 24-25 अंशांवर असेल तर चिकचिक होणारच. अशा वेळी एसी 18 वर नेऊ नका, रिमोटवरचं 'ड्राय' बटण दाबा. ते बटण म्हणजे ब्रुकलिनच्या छापखान्यातलं जुनं उत्तरच आहे. कागदासाठी शोधलेलं, आपल्याही कामाचं.